चोवीस गुण, सहा वाजेपर्यंत

रविवार, बावीस जून. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. भाजलेलं कोकरू संपलं होतं, फळं अजून यायची होती. नोएमीने काटा ताटात ठेवला आणि सांगितलं की ग्रीकच्या लेखी परीक्षेत तिला तीसपैकी चोवीस गुण मिळालेत.

निकाल गुरुवारीच लागला होता. तीन दिवस ती काही बोलली नव्हती. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तिच्या नावापुढे दोन चौकटी होत्या, एक स्वीकाराची आणि एक नकाराची. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती. तोवर काहीच कळवलं नाही, तर गुण स्वीकारले असं धरलं जाणार होतं. ग्रीक हा तिचा शेवटचा विषय. स्वीकारले तर सतरा जुलैला पदवी. नाकारले तर सप्टेंबरात पुन्हा परीक्षा आणि डिसेंबरात पदवी.

“नाकार,” तिचे आजोबा म्हणाले.

अमेदेओ त्सारेल्ला एकोणनव्वद वर्षांचे होते. गावातल्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं ग्रीक आणि लॅटिन शिकवलं होतं. रोक्कालवेरात त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते प्रोफेसर.

“पपा, तिला घास तरी गिळू द्या,” कोर्रादो म्हणाला. कोर्रादो त्यांचा मुलगा, नोएमीचा बाप, चौकातल्या औषधाच्या दुकानाचा मालक.

“चोवीस हे काय गुण झाले? चोवीस म्हणजे प्राध्यापकाने केलेली दया.”

“मला रसायनशास्त्रात अठरा होते. काठावर. पंचवीस वर्षं दुकान चालवतोय, अजून कोणी मेलेलं नाही.”

“तुझी औषधं कारखान्यातून डब्यात बंद होऊन येतात.”

नोएमीची आई मिरेला हसली, मग नवऱ्याकडे पाहून हसू आवरलं. “तिला विचाराल का कोणी?” ती म्हणाली. “परीक्षा तिने दिली ना?”

“तिलाच सांगतोय,” अमेदेओ म्हणाले. “या घरात अठ्ठावीससुद्धा घेत नाहीत.”

ही गोष्ट टेबलावरच्या सगळ्यांना पाठ होती, तरी ते सांगू लागले आणि कोणी थांबवलं नाही. सत्तावन्न साल, नेपल्स. एका विधवेच्या घरी ते भाड्याने राहत. खोलीत इतकी ओल होती की शब्दकोशाची पानं सुटी करायला सुरी लागायची. तोंडी परीक्षेत अठ्ठावीस मिळाले. ते उभे राहिले, आभार मानले आणि पुन्हा येईन म्हणाले. गावी आल्यावर त्यांचे वडील नुन्झिओ, गावातले न्हावी, वस्तरा हातात धरून तसेच उभे राहिले. देणारा देतोय आणि हा नको म्हणतो, हे त्यांना कळेना. चार महिन्यांनी तीस मिळाले, वर सन्मानाचा शेरा. त्यानंतर महिनाभर नुन्झिओच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला ती हकीकत ऐकावी लागली. जो मध्येच हलला, त्याच्या गालावर चीर पडली.

“दोन न्यायाधीश आणि एक बिशपचा सचिव,” अमेदेओ म्हणाले. “तिघांच्या गालांवर माझे तीस गुण होते.”

नोएमी हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच, असं एर्सिलियाला वाटलं.

एर्सिलिया अमेदेओंची थोरली मुलगी. लग्न केलं नाही, पोस्टातून निवृत्त झाली, वडिलांबरोबर याच घरात राहते. ती पीचच्या फोडी करून वाइनच्या सुरईत टाकत होती. असाच रविवार, हेच टेबल. लहानपणी मीठ हवं असेल तर लॅटिनमध्ये मागावं लागे. कोर्रादोला शब्द आठवायचा नाही, तो अळणी जेवायचा. आई टेबलाखालून त्याला मीठदाणी सरकवायची. ते दिवस कडक होते, पण घर भरलेलं होतं. आता आईची खुर्ची भिंतीला लावलेली आणि मिठाच्या बाबतीत डॉक्टरांची सक्त मनाई.

“आणि एर्सिलियाने नाही का नाकारले?” अमेदेओ म्हणाले. “चौऱ्याऐंशी साल. तेवीस मिळाले होते. कुरकुर केली नाही.”

“सत्तावीस,” एर्सिलिया म्हणाली. तिने सुरीवरून नजर उचलली नाही.

“काय?”

“सत्तावीस होते, पपा.”

अमेदेओंनी रुमालाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. “मी जरा पडतो,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीकडे गेले. पीच कोणी खाल्ले नाहीत.

*

चार वाजता भाऊबहीण सज्जात उभे होते. आज कोर्पुस दोमिनी होता, ख्रिस्तदेहाचा सण; त्या दिवशी मिरवणूक ज्या ज्या घराखालून जाते, त्या घराने सज्जावर आपली सर्वांत चांगली चादर टांगायची असते. त्सारेल्लांची चादर त्यांच्या आईच्या, अस्सुंताच्या, रुखवताची होती. पिवळं रेशीम, कडेला गव्हाच्या ओंब्या. वर्षातून एकदा पेटीबाहेर येई आणि कापराचा वास संध्याकाळपर्यंत जात नसे. खाली रस्त्यावर बायका खडूच्या रेघांमध्ये रांगोळीसारख्या पाकळ्या भरत होत्या.

“मला कधी सांगितलं नाहीस,” कोर्रादो म्हणाला.

“तू अठरा वर्षांचा होतास. तुझं सगळं लक्ष त्या लाल स्कूटरवर. ती बाजू ओढ, चुणी पडलीय.”

त्याने ओढली. चाळीस वर्षं त्याची समजूत होती की बहिणीला ग्रीक झेपलं नाही. बापाने तसं म्हटलं नव्हतं, पण तेवीस म्हटलं की पुढचं ज्याचं त्याने ओळखावं.

“मग झालं काय?”

“काही झालं नाही रे. जून महिना, घामाने कागद हाताला चिकटत होते. सर म्हणाले, सत्तावीस. माझी गुणांची पुस्तिका उघडली, पेनाचं टोपण काढलं. आणि मी म्हणाले, नको, पुन्हा येईन.” तिने चादरीची कड कठड्याखाली खोचली. “त्यांनी एकदा विचारलं, नक्की? मी मान हलवली. त्यांनी टोपण परत लावलं, त्याचा टक् असा आवाज आला. तो अजून ऐकू येतो. घरी आले तर पपा दारातच. नाकारले, एवढंच सांगितलं. शाब्बास म्हणाले. किती होते ते विचारलंच नाही. पुढे कधीतरी त्यांनी आपल्या मनानेच तेवीस ठरवले असणार.”

“आणि सप्टेंबर?”

“सप्टेंबरात आईचं ऑपरेशन. मग हिवाळा. मग पोस्टाची भरती निघाली.”

एक विषय आणि एक प्रबंध. एवढंच राहिलं होतं. कोर्रादोला तिची ती खोली आठवली. भिंतीवर चिकटवलेली क्रियापदांची कोष्टकं, आणि पहाटे भिंतीपलीकडून येणारा तिचा पाठ करण्याचा आवाज. तो वैतागून भिंतीवर चप्पल मारायचा. आवाज बंद झाला तेव्हा बरं वाटलं होतं.

“वाईट वाटतं?”

“पोस्टाचं नाही. पोस्टात मजा होती. अर्ध्या गावाची प्रेमपत्रं मी पाकीट न उघडता ओळखायची. वाईट एवढंच वाटतं की तो नकार माझा नव्हता. तोंड माझं होतं.”

खाली कोणीतरी पाणी शिंपडलं आणि पाकळ्यांचा वास वर आला. कोर्रादो कठड्याला टेकला.

“मंगळवारी पपांना बेनेवेन्तोला नेलं होतं ना,” तो म्हणाला. “मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. हृदयाची झडप बदलता येणार नाही म्हणाले, या वयात नाही. मी विचारलं, डिसेंबरपर्यंत? त्यांनी कागद जुळवायला घेतले. म्हणाले, आधी उन्हाळा बघू.”

एर्सिलियाने हात थांबवले नाहीत, फक्त गती कमी झाली.

“तू नोएमीला सांग,” तो म्हणाला. “तुझं ऐकेल. सतरा जुलैला पपा पहिल्या रांगेत बसतील, तिच्या डोक्यावर पदवीधरांचा तो लॉरेलच्या पानांचा मुकुट बघतील. गावात पदवीचे लाल साखरी बदाम वाटू. नंतर तिला हवं तितकं ग्रीक शिकू दे.”

“म्हणजे या वेळीही पपांसाठीच.”

“तसं नाही ग.”

“मग कसं?”

सज्जाच्या दारात मिरेला उभी होती. हातात पिनांची वाटी. ती किती वेळ उभी होती ते दोघांनाही कळलं नव्हतं. “पिना हव्यात,” ती म्हणाली, “की मी नंतर येऊ?”

तिच्या चेहऱ्यावरून तिने ऐकलंय हे दिसत होतं. जेवताना ती मुलीच्या बाजूने होती. आता ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“घेऊ दे तिला चोवीस,” मिरेला म्हणाली. “एर्सिलिया, तुम्ही रागावू नका. तुमचं तुम्ही सोसलंत. पण हिला पुढे आयुष्यभर वाटत राहील की सहा गुणांसाठी आजोबांना थांबवून ठेवलं.”

एर्सिलियाने वाटीतून पिन उचलली. “मी रागावले नाही,” ती म्हणाली. “मी तिला काही सांगणार नाही, इतकंच. तुम्ही आईबाप आहात, तुम्ही सांगा.”

दोघांपैकी कोणीही जागचं हललं नाही.

*

अमेदेओंना झोप लागली नव्हती. त्यांची खोली सज्जाला लागून होती, आणि जूनमध्ये त्या घरात दारं लावत नाहीत.

उन्हाळा बघू. शब्द वाईट नव्हते. त्यांनी स्वतः एवढ्या नेमक्या शब्दांत मांडलं नसतं. त्यांना त्यापेक्षा तो सत्तावीसचा आकडा टोचत होता. एक्केचाळीस वर्षं ती रोज त्यांच्यासमोर कॉफीचा कप ठेवत होती.

पाच वाजता त्यांनी नोएमीला हाक मारली. ती आली आणि आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली, खिडकीपाशी, उजेड पानावर पडेल अशी. आठ वर्षं दर गुरुवारी ती तिथे बसत आली होती. आधी ते वाचायचे आणि ती ऐकायची. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग पडला तेव्हापासून ती वाचायची. चौदाव्या वर्षी तिने विचारलं होतं, हे लोक मेलेत तर यांची भाषा अजून कोणाला लागते? ते म्हणाले होते, मला. पुढच्या गुरुवारी ती स्वतःहून आली.

“घे चोवीस,” ते म्हणाले.

“दुपारी तर ती दया होती.”

“दुपारी मी प्रोफेसर होतो.”

“आणि आता?”

“आता म्हातारा आहे. मला तुझ्या डोक्यावर ती पानं बघायचीत. डागाच्या कडेने दिसतील तेवढी.”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. ती आनंदेल अशी त्यांची अपेक्षा होती. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो जेवताना कोणीच विचारला नव्हता. “पण चोवीसच का? तुझं ग्रीक चोवीसचं नाही. चुकलं कुठे?”

“जाऊ दे ना आजोबा.”

“उतारा कोणता होता?”

ती नखाशी खेळू लागली. “वेढ्याचा,” ती म्हणाली. “शहरातलं धान्य संपतं आणि म्हाताऱ्यांना वेशीबाहेर काढतात, तो.”

“आपला उतारा!” अमेदेओ उठून बसले, आणि त्यांनी त्याचं भाषांतर म्हणायला सुरुवात केली. सगळं, एकही शब्द न अडखळता. वर्गात म्हणायचे तसंच, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित खाली आणून. हे भाषांतर त्यांनी सव्विसाव्या वर्षी केलं होतं. निम्म्या गावाला ते येत होतं. खाटीकसुद्धा म्हणू शकत असे.

“मी हेच लिहिलं,” नोएमी म्हणाली. “शब्दाला शब्द.”

“मग?”

“मध्ये दोन वाक्यं आहेत. तुमच्या पुस्तकात नाहीत. पेपरात होती, छापलेली, माझ्या डोळ्यांसमोर. मी बघितलीच नाहीत. पहिली ओळ वाचली आणि तुमचा आवाज सुरू झाला, आणि मी तो उतरवत गेले.” तिने श्वास घेतला. “सरांनी कडेला लिहिलंय, वाचायला सुंदर आहे, पण हे तुम्हाला समजलेलं नाही, आठवलेलं आहे. बरोबर आहे त्यांचं. चोवीससुद्धा जास्तच आहेत.”

खिडकीबाहेर मिरेलाने कोणाला तरी हाक मारली. अमेदेओंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. तो असून नसून सारखाच होता.

“ती वाक्यं मला माहीत आहेत,” ते म्हणाले.

“काय?”

“शाळेच्या पुस्तकातून छापणाऱ्यांनी गाळली होती. मुलांना कशाला, म्हणून. मी आधी ती फळ्यावर लिहून द्यायचो. पुस्तकात नाही, तर माझ्याकडून घ्या, असं सांगायचो. मोठा अभिमान होता मला त्याचा. एकाहत्तर सालापर्यंत.”

एकाहत्तर साली काय झालं, हे नोएमीला कोणी सांगितलं नव्हतं. घरात तो विषय निघत नसे. नुन्झिओचे हात थरथरू लागले होते, रात्री ते वस्तरे घेऊन रस्त्यावर जायचे, आणि त्या ऑक्टोबरात अमेदेओंनी त्यांना बेनेवेन्तोला नन्सच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. तिथे ते अकरा आठवडे जगले.

“त्या वर्षी उतारा आला,” अमेदेओ म्हणाले, “आणि मी फळ्याकडे गेलो आणि परत आलो. पुढच्या वर्षीही. मग ती आठवायची गरजच पडली नाही. तुला शिकवताना मी गाळतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. आता आलं.”

नोएमी स्टुलावरून उठली नाही. तिने खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं. “वाचू?”

त्यांनी मान हलवली. होकार की नकार, ते स्पष्ट नव्हतं. तिने वाचलं. ग्रीक, सावकाश, दोन वाक्यं. मग कोणी न सांगता ती त्यांचं भाषांतर करू लागली. अडखळत, मागे जाऊन, शब्द बदलत. म्हातारे वेस आणि शत्रूचे खंदक यांच्यामधल्या जमिनीवर बसून राहतात. तटावरून त्यांचीच मुलं बघत असतात. दिवसा कोणी बोलत नाही. वेस उघडत नाही.

एका शब्दापाशी अमेदेओंचा हात सवयीने वर गेला, दुरुस्ती करायची असली की जायचा तसा. तो अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

“कसं होतं?” तिने विचारलं.

“मला विचारू नकोस.”

“मग कोणाला विचारू?”

“ते माहीत नाही. मघाशी म्हणालो ना, चोवीस घे? ते मी माझ्यासाठी म्हणालो. दुपारी नाकार म्हणालो, तेही. आता मी काही म्हणत नाही. मला ते जमतं का, बघू.”

दारात एर्सिलिया येऊन उभी होती. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती. “खालून शेजारची कोंचेत्ता विचारतेय,” ती म्हणाली. “पिवळा भाग राहिलाय, हात कमी पडतायत. मिरवणूक सातला निघेल.”

“आत्या,” नोएमी म्हणाली, “तू मला सांगणार होतीस ना काहीतरी? बाबा मघाशी म्हणाले, त्यांनी तुला सांगितलंय.”

“सांगितलं होतं. मी नाही म्हटलं.”

“का?”

“माझ्याकडे त्याचं उत्तर नाही म्हणून. मला सत्तावीस मिळाले होते, तुला चोवीस. वेगळी गोष्ट आहे.”

नोएमी हसली की काय, ते अमेदेओंना कळलं नाही. ती खिडकीकडे पाठ करून उभी होती, आणि तिचा चेहरा नेमका डागात होता. त्यांना कपड्यांची सळसळ ऐकू आली. मग लाकडावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. मग पावलं, आणि मोठं दार.

एर्सिलियाने आत येऊन पाहिलं. फोन टेबलावर होता, पालथा.

“विसरली,” ती म्हणाली. “नेऊन देते.”

“हात लावू नकोस.”

“पपा, सहाला आठ मिनिटं आहेत.”

“बस.”

ती नोएमीच्या स्टुलावर बसली. खूप वर्षांनी. तिच्या उंचीला तो स्टूल बुटका होता, गुडघे वर आले. सज्जातून कोर्रादो आत डोकावला, त्याने टेबलाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मागून मिरेलाने त्याची बाही धरली.

“त्या दिवशी,” अमेदेओ म्हणाले, “तुला काय विचारलं होतं? सत्तावीसला.”

एर्सिलियाने सांगायला सुरुवात केली. कोणता लेखक, कोणतं पान, सरांनी कुठे थांबवलं. पहिल्या चार ओळी तिला येत होत्या. पाचवीत ती अडली. अमेदेओंना पुढची ओळ ठाऊक होती. ते थांबून राहिले. ती आठवत राहिली.

सहाचे ठोके पडले, तेव्हा ती पाचव्या ओळीवरच होती.

सहा वाजून चार मिनिटांनी सज्जातून दिसत होतं, की नोएमी खाली रस्त्यावर कोंचेत्ताशेजारी गुडघ्यांवर बसून खडूच्या रेघेत पिवळ्या पाकळ्या भरते आहे. फोन टेबलावर पालथाच होता. खोलीतून जाण्यापूर्वी तिने एखादी चौकट दाबली होती का, हे अमेदेओंना दिसलं नव्हतं, आणि वरून हाक मारून तिला कोणी विचारलं नाही.